कारणाचा रकाना

पाडव्याच्या दिवशी गाडी पहिल्यांदा तापली, आणि रसिकाला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

गाडी म्हणजे शोरूममधून हार घालून आणतात तसली नव्हे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरचं अंग, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी बैठक, आणि पुढे हायवेवर ठोकलेल्या एका मोटरसायकलचं सहाशे सीसीचं इंजिन. फायबरचे भाग खोक्यांतून आले. बाकीचं सगळं रसिका आणि तिचा नवरा शंतनु यांनी आमली गावाच्या टोकाला, भाड्याच्या घरामागच्या शेडमध्ये, चार वर्षं खपून जोडलं. लग्नानंतरच्या चार वर्षांत लोक काय काय करतात, या दोघांनी वेल्डिंग केलं. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण मालतीकाकू कोकणातून इथल्या शाळेत शिकवायला आलेल्या आणि निवृत्त होऊन इथेच राहिलेल्या. त्या दर वर्षी विचारायच्या, "काय गो, गाडीचं बारसं कधी?" त्यांना दुसरंच बारसं विचारायचं असायचं, हे रसिकाला कळत होतं.

मग दिवाळीत शंतनु घर सोडून गेला. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता. त्याची सवय थट्टेवारी नेण्याची आणि तिची सवय गप्प बसण्याची, आणि या दोन सवयींनी मिळून त्यांचा संसार खाल्ला. जाताना तो म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं, रसिका." यावरही ती काही बोलली नाही. तो जवळच्याच सायली गावी त्याच्या मित्राकडे, अभिजीतकडे राहायला गेला. जानेवारीत वापीच्या वकिलाने दोघांच्या संमतीने घटस्फोटाचे कागद करून दिले. ते खाकी पाकिटात घालून शंतनुने फ्रिजवर ठेवले आणि म्हणाला, "गाडी सुरू होऊ दे, मग सह्या करू. अर्धवट काम टाकून कोणी कुठे जायचं नाही."

म्हणजे हिशेब सरळ होता. गाडी सुरू झाली की सह्या, सह्या झाल्या की शंतनु पुण्याला ठरलेल्या नव्या नोकरीवर. आणि गाडी सुरू होत नाही तोवर दर रविवारी सकाळी नऊला फाटकाची कडी वाजणार. रसिका आठवड्याचे सहा दिवस त्या कडीवर जगत होती.

आता ती गाडी का तापत होती, ते सांगायला हवं. मोटरसायकलवर पाणी गार करणारा रेडिएटर इंजिनाच्या पुढ्यातच असतो, हातभर पाइपात काम भागतं. अशा गाडीत तो पार नाकाशी जातो, जमिनीलगत. मग पाइप लांबतात, वळतात, चढतात, उतरतात, आणि जिथे चढ संपतो तिथे हवा अडकून बसते. हवा बसली की पाणी फिरत नाही, पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं. उपाय साधा आहे. पाण्याची टाकी सगळ्यांत उंच बसवायची, म्हणजे हवा आपसूक तिच्यात निघून येते. शंतनुने टाकी इंजिनामागच्या पत्र्यावर बसवली होती आणि ती दोन बोटं खाली होती. आणखी वर घेतली तर बॉनेट बसत नव्हतं, आणि बॉनेटच्या त्या सपाट रेषेवर त्याचा जीव होता.

रसिकाला हे आदल्या गणपतीतच दिसलं होतं. ती सायलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात युटिलिटीची इंजिनिअर. चिलर, कूलिंग टॉवर, शेकडो मीटर पाण्याच्या लाइनी, सगळं तिच्या अखत्यारीत. कुठे हवा बसली आहे हे ती पाइपाला हात लावून सांगायची. चहा घेता घेता ती सहज म्हणाली होती, "टाकी खाली राहिलीय. हवा अडकेल." शंतनु म्हणाला, "बाई, ही गाडी आहे, तुझा कूलिंग टॉवर नाही." अभिजीत इतका हसला की त्याच्या नाकातून चहा आला. रसिकाही हसली. मग तिने कप गोळा केले, आत नेले, आणि टाकीविषयी पुन्हा ब्र काढला नाही.

पाडवा रविवारी आला होता. मालतीकाकूंची गुढी वर, आणि खाली शेडमध्ये शंतनुने बटण दाबलं. इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. चार वर्षांनी त्या सांगाड्यात जीव आला होता आणि तो एवढा मोठ्याने ओरडत होता की शेजारची कुत्री पळाली. शंतनुने रसिकाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तो जुना, पोरकट आनंद होता. तिने घराच्या दाराकडे, फ्रिजच्या दिशेला पाहिलं, कारण गाडी सुरू झाली होती. मग तापमानाचा काटा नव्वदवर गेला, शंभरवर गेला, एकशे आठ झाला, आणि शंतनुने घाईघाईने इंजिन बंद केलं.

"हवा असेल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी काढू."

"हो," रसिका म्हणाली. तेव्हाच तिला ते बरं वाटलं, आणि लाजही.

तो गेल्यावर तिने स्टिअरिंगला टॅग बांधला. ही कारखान्याची रीत. काम अर्धं असलेल्या यंत्राला पिवळा पुठ्ठ्याचा टॅग लटकवायचा. त्यावर रकाने असतात: काय बंद केलं, तारीख, कारण, नाव, आणि खाली, काम पूर्ण झाल्याची सही. ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा, मग साक्षात मालक का येईना. रसिकाने लिहिलं: इंजिन. तीस मार्च. रसिका. कारणाच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं. खोटं लिहिणं तिला जमत नव्हतं. टॅगवर खोटं लिहिलं की माणसं मरतात, हे ती दर महिन्याला फिटरांना सांगायची. आणि खरं लिहावं, तर पुढच्या रविवारी टाकी वर जाणार. तिने रकाना कोरा ठेवला आणि दोरी आवळली.

हे तिच्या हातून व्हावं ही गंमत आहे, कारण शंतनुशी तिची ओळखच मुळी कोऱ्या रकान्यावरून झाली होती. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या कारखान्यात जाण्याआधी, तो तिच्याच कारखान्यात नवखा म्हणून लागला आणि तीन नंबरच्या पंपाला कारण न लिहिता टॅग लावून जेवायला गेला. रसिकाने त्याला कॅन्टीनमधून, हातात पुरी असताना, उठवून आणलं. त्याने निमूटपणे रकान्यात लिहिलं, 'मॅडमना राग आला म्हणून.' तो टॅग तिने अजून जपून ठेवला आहे. कुठे, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, शंतनुलाही नाही.

मग रविवार येत राहिले. तो नऊला यायचा, ती टॅग सोडायची, तो टॉर्च तिच्या हातात द्यायचा आणि गाडीखाली शिरायचा. त्याने थर्मोस्टॅट बदलला. पंखा बदलला. रबरी पाइपांच्या सगळ्या क्लिपा सोडून पुन्हा आवळल्या. जॅक लावून गाडीचं नाक वर केलं आणि झाकण उघडं ठेवून पाइप दाबत बसला. नाक वर केलं की टाकी आणखीच खाली जायची. त्याऐवजी मागची चाकं उचलली असती तर मिनिटभरात हवा निघाली असती. रसिका हे पाहत टॉर्च धरून उभी राहायची. अकराला मालतीकाकू वरून दोरीला पिशवी बांधून कोकम सरबताचे दोन ग्लास सोडायच्या. शंतनु पुण्याच्या प्रोजेक्टवर असतो, रविवारीच येतो, असं रसिकाने त्यांना सांगून ठेवलं होतं. दुपारी काटा एकशे पाचवर जायचा, इंजिन बंद व्हायचं, आणि रसिका वरण-भात लावायची. जेवताना ते दोघं गाडीबद्दल बोलायचे. सोमवारपासून ती कपाटातला त्याचा जुना शर्ट झटकून पुन्हा घडी घालून ठेवायची, काही कारण नसताना.

हे पाप आहे, हे तिला माहीत होतं. एका माणसाला ती दर रविवारी उन्हाळ्याच्या उकाड्यात, पत्र्याखाली, फसवत होती. पण ते सांगितल्यावर काय उरणार होतं? फ्रिजवरचं खाकी पाकीट उरणार होतं. तिचं त्याच्यावर प्रेम होतं, इतकी साधी गोष्ट होती ती, आणि नेमकी तीच बोलायची तिला सवय राहिली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कारखान्यात चिलरच्या लाइनीने हवा धरली. लखन हा तिचा सगळ्यांत जुना फिटर, रांधा गावचा. त्याने वरची नळी सोडून हवा काढली, काम चोख केलं, पण टॅगवर कारण लिहिलं नाही. रसिकाने त्याला सगळ्यांसमोर झापलं.

"कारण कोण लिहिणार? मी? दुसऱ्या पाळीतल्या माणसाला काय स्वप्न पडणार आहे?"

"मॅडम, एअर पकडली होती, बस," लखन म्हणाला. "सबको मालूम होतं. लिखने का रह गया."

"सगळ्यांना माहीत असलं तरी लिहायचं," रसिका म्हणाली. "माहीत असून लिहिलं नाही तर तो खोटेपणाच झाला, लखनभाई."

बोलून झालं आणि ती जागीच थांबली. लखन खाली मान घालून पेन शोधत होता. ती तडक केबिनमध्ये गेली, दार लावलं आणि पाणी प्यायली. आता पुरे, तिने ठरवलं. रविवारी सांगायचं. टाकीचं सांगायचं आणि त्याच दमात बाकीचंही सांगायचं. मग तो हसू दे, नाहीतर पाकीट काढू दे. शनिवारी तिने आरशासमोर वाक्यं म्हणून पाहिली, चौतीस वर्षांची बाई, आणि रविवारी सकाळी पुरीची कणीकही मळून ठेवली.

अकरावा रविवार, आठ जून. नऊला कडी वाजली. शंतनुच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातात ग्राइंडर.

"टॅग सोडतेस ना?" तो म्हणाला.

तिने टॅग सोडला आणि ओट्यावर ठेवला. "शंतनु, मला एक सांगायचंय."

"आधी हे करू दे. नाहीतर माझ्याच्याने होणार नाही."

त्याने पिशवीतून लोखंडी पट्टीचा एक ब्रॅकेट काढला. त्याच्या आताच्या कारखान्यात करून आणलेला, रंग दिलेला, कडा घासलेला. तो टाकी वर घेण्याचा ब्रॅकेट होता. रसिकाने तो पाहताक्षणी ओळखला. मग त्याने बॉनेटवर पेन्सिलीने चौकोन आखला आणि ग्राइंडर सुरू केला. त्या लाडक्या बॉनेटला, ज्याच्या एका रेषेसाठी त्याने हजार नखरे केले होते, त्याने स्वतःच्या हाताने भोक पाडलं. फायबरची पांढरी भुकटी उडाली, त्याच्या केसांवर बसली. रसिकाला वाटलं, हात धरून थांबवावं. तिने टॉर्च धरला.

टाकी वर गेली, दोन बोटं नव्हे, चांगली चार बोटं. नवा रबरी पाइप, नव्या क्लिपा. त्याने पाणी ओतलं, आणि ओतता ओतता टाकीतून बुडबुडे आले. मोठे, ढेकर दिल्यासारखे. पाडव्यापासून त्या इंजिनाच्या डोक्यात बसलेली हवा एका मिनिटात निघून गेली. त्याने झाकण लावलं, बटण दाबलं. काटा ऐंशीपर्यंत चढला, किंचित थबकला, ब्याऐंशीवर स्थिर झाला. दहा मिनिटांनी शंभराजवळ गेला, पंखा आपोआप लागला, काटा उतरला, पंखा थांबला. सगळं कसं शहाण्यासारखं चाललं होतं. शंतनुने इंजिन बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं.

"तुला कधी कळलं?" रसिकाने विचारलं.

"तिसऱ्या रविवारी." तो फडक्याने हात पुसत होता. "तू टॅग सोडून ओट्यावर ठेवलास, मी वाचला. कारण कोरं. तुझ्या टॅगवर. मला हातातली पुरी टाकून उठवून आणणारी बाई कारण कोरं ठेवते? म्हटलं, हिला कारण ठाऊक आहे आणि हिला ते लिहायचं नाहीये. मग गणपतीतलं आठवलं. टाकी खाली आहे, हवा अडकेल."

"मी सांगितलं होतं तेव्हा तू हसलास."

"हसलो ना. म्हणून तर वाट बघत होतो." त्याने फडकं ओट्यावर टाकलं. "म्हटलं, ती परत सांगेल. या खेपेला हसायचं नाही, असं ठरवून यायचो मी. थर्मोस्टॅट काय, पंखा काय, मला माहीत नव्हतं त्याने काही होणार नाही? नाक वर करून बसलो, मुद्दाम, उलटं. म्हटलं आता तरी म्हणेल, गाढवा, मागून उचल. तू नुसती टॉर्च धरून उभी."

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

"सांगितलं असतंस तर मी राहिलो असतो, रसिका."

अकरा रविवार. तो यावा म्हणून ती गप्प राहिली, आणि ती बोलावी म्हणून तो येत राहिला. दोघं एकाच टॉर्चच्या उजेडात, एकाच नळीकडे बघत, एकमेकांची वाट पाहत होते. तिला ओरडावंसं वाटलं.

"मग आता राहा," ती म्हणाली. आरशासमोर पाठ केलेली सगळी वाक्यं निघून गेली होती. "मी आज सांगणारच होते. खरंच सांगणार होते, शंतनु. टाकीचं पण आणि बाकीचं पण. मला तू हवा आहेस. जाऊ नकोस."

शंतनुने तिच्याकडे पाहिलं. तो हसला नाही. थट्टा केली नाही. तिने इतकी वर्षं जे मागितलं होतं ते त्याने त्या क्षणी दिलं, तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

"हे ऐकायला मी सात रविवार जीव टाकून आलो," तो म्हणाला. "आठव्या रविवारी तुझ्या फाटकाशी उभा होतो आणि लक्षात आलं, आज मी वाट बघत नाहीये. नुसता आलोय. आत शोधून पाहिलं, काहीच नव्हतं. त्यानंतर दोनदा आलो, म्हटलं परत येईल. नाही आलं, रसिका. मी खोटं नाही सांगणार."

आठवा रविवार म्हणजे अठरा मे. त्या दिवशी तिने आमरस केला होता, आणि तो दोन वाट्या प्यायला होता. तिला वाटलं होतं, हा रविवार सगळ्यांत छान गेला.

वरून दोरीची पिशवी खाली आली. कोकम सरबताचे दोन ग्लास. मालतीकाकूंनी कठड्यावरून वाकून विचारलं, "आवाज बंद झाला म्हणून विचारत्ये. झाली काय सुरू?"

"झाली, काकू," शंतनु म्हणाला.

"अगो बाई! मग फिरवून आण की तिला!"

काकूंचं मन मोडणं त्या दोघांनाही जमलं नाही. वसाहतीच्या मागे आखून ठेवलेले रिकामे प्लॉट होते, त्यांच्यामधला डांबरी रस्ता रविवारी ओस असायचा. शंतनुने किल्ली तिच्या हातात दिली. "तू चालव. तुझंच म्हणणं खरं निघालं." ती बसली, तो शेजारी बसला. खांद्याला खांदा लागला, कारण त्या गाडीत दुसरा इलाजच नव्हता. तिने गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, वळवली, परत आणली. गाडी सुसाट होती, हलकी होती, बरोब्बर त्यांनी चार वर्षं बोलून दाखवली होती तशी. काटा ब्याऐंशीवरून हलला नाही. तिने मनात म्हटलं, ताप, एकदा ताप. ती तापली नाही.

मग त्याने हात धुतले, आत गेला, फ्रिजवरचं पाकीट आणलं. दोघांनी ओट्यावरच, ग्रीसचे डाग वाचवत, सह्या केल्या. आधी त्याने, मग तिने. गाडीचं काय, असं तिने विचारलं नाही, तोच म्हणाला, "तुझ्याकडे राहू दे. पाणी दर पंधरवड्याला बघ." जाताना त्याने फाटकाची कडी हळू लावली, वाजू दिली नाही.

परातीत पुरीची कणीक झाकून ठेवलेली होती. सरबताचा एक ग्लास रिकामा होता, एक भरलेला. रसिका शेडमध्येच स्टुलावर बसली आणि रडली, तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. वर काकूंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बऱ्याच वेळाने तिचं लक्ष ओट्यावरच्या टॅगकडे गेलं. काम झालं होतं. काम झालं की टॅग पुरा करून फाइलला लावायचा, उघडा सोडायचा नाही; आणि ज्याने बांधला त्यानेच तो पुरा करायचा. तिने डोळे पुसले, पेन शोधलं. आधी कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'टाकी दोन बोटं खाली. माहीत होतं. सांगितलं नाही.' रकाना छोटा होता, शेवटचे दोन शब्द कडेला, उभे लिहावे लागले.

मग तिने खाली, काम पूर्ण, याच्यापुढे सही केली आणि तारीख घातली.